राजीला बैल दाखवायला नेलं

केडगावात मी बरीच वर्षं बालवाडी चालवते. नगर शहरातल्या कम्युनिटी कॉलेजात बालशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून तिथल्या मुली सरावाला माझ्याकडे येतात, आणि मीही अधूनमधून त्यांना शिकवायला जाते. मुली कसल्या, निम्म्या लेकुरवाळ्याच. सुरुवातीला सगळ्या हौसेनं रंगीत कागद कातरतात. मग कुणाचं तरी पोर साडीवर ओकतं आणि हौस मावळते. मला अशा वेळी भयंकर राग येतो. लहान मुलं म्हणजे काय कॅलेंडरावरची चित्रं वाटली यांना?

रोहिणीची हौस मात्र दिसलीही नाही आणि मावळलीही नाही. पाथर्डीकडची, पंचविशीची, काटक बाई. तोंडावरची माशी हलायची नाही. नाकं पुसायची, चड्ड्या बदलायची, सांडलेलं दूध निपटायची. कधी हसली नाही, कधी कंटाळलीही नाही. नवं आलेलं रडकं पोर कडेवर दिलं, की त्याला गप्प करायची तिची काही धडपड नसायची. ती त्याचं रडणं ऐकत उभी राहायची.

“अगं, रेडिओ आहे का तो, ऐकत बसायला?” मी एकदा खेकसले.

“न्हाई बाई,” ती म्हणाली, आणि पोराला थोपटायला लागली.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एकदा मी वर्गात माझा आवडता विषय काढला. पोराला बालवाडीत सोडायला येणाऱ्या आया. पोराला खेळात गुंतवून मागच्या मागे सटकणाऱ्या आया मला डोळ्यांसमोर नको असतात. त्यांना वाटतं, रडणं टळलं. टळत काही नाही. पोराला एवढंच कळतं, की आपली पाठ वळली की आई नाहीशी होते. सांगून जावं, रडू द्यावं, आणि सांगितलेल्या वेळी परत यावं. रडणारं पोर काळजीचं नसतं, कारण त्याची आईवर आशा असते. जे रडतच नाही त्याच्याकडे नीट बघा, असं मी सांगितलं. मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं.

रोहिणीनं उतरवून घेतलं नाही. वर्ग सुटल्यावर ती व्हरांड्यात माझी वाट बघत उभी होती.

“बाई, तसलं पोर परत रडाया लागतं का?”

“कुणाचं पोर?”

“माझी राजी. राजेश्वरी. तिसरं चालू हाय तिला.”

मग तिनं सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगावं तशा आवाजात. घर ऊसतोडीचं. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडी; नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते. रोहिणी कॉलेजात आली तर नवऱ्याची, आदिनाथची, जोडी मोडणार होती. तेव्हा तिची सासू रंगुबाई पुढे झाली. हिनं शिकावं, गावात बालवाडी काढावी, म्हणजे निदान राजीला तरी पुढे उसाच्या फडात जायला नको. तोवर हिच्या जागी मी मोळ्या बांधते, म्हणाली. गुडघे धरलेली बाई! मला तिला भेटावंसं वाटलं.

दिवाळीत टोळी राहुरीकडे गेली; मागे घरी कुणी उरत नव्हतं, म्हणून राजीही गेली. रोहिणी सोबत गेली, तिनं राहायला पाचटाची कोपी उभी करून दिली, राजीला तिथं रुळवलं. निघायच्या दिवशी टोळीतल्या सगळ्या बायांचं एकच म्हणणं पडलं, की पोरीला दिसू नको, आकांत करील. त्यांच्यात तशीच रीत आहे. रंगुबाईनं राजीला कडेवर घेतलं, “चल, बैल बघू,” म्हणत गाड्यांकडे नेलं, आणि रोहिणी उसाच्या आडून रस्त्याला लागली.

“बैल बघून आली तर म्या न्हाई. कोपीत बघितलं म्हणं, वाकळंखाली बघितलं. मंग बसून ऱ्हायली. आत्याबाई म्हनल्या, एकदा सुदिक रडली न्हाई, लई गुणाची हाय. आता म्या गेले की पावण्यावानी बघती. आन् बैल कुनी दावले तर त्वांड फिरवती.”

“तुला काय वाटतं?” मी विचारलं.

“काय सुदिक वाटत न्हाई, बाई. बधिर झाल्यावानी झालंय. म्या कॉलेज सोडू का?”

कॉलेज सोडून गेली असती तरी पोर लगेच गळ्यात पडणार नव्हतं, आणि सासूचे गुडघे फुकट गेले असते. मी म्हटलं, “सोडू नकोस. दर रविवारी जा. येताना तिच्यासमोर उभं राहून सांग, मी चालले, रविवारी येते. आणि काय वाट्टेल ते झालं तरी रविवारी जा.”

ती जायला लागली. सोमवारी आली की मी नुसती भुवई वर करायची आणि ती मान हलवायची. नाही. पोरगी गप्पच. संक्रांत झाली, तरी गप्पच. रोहिणी तापात असतानाही एका रविवारी जाऊन आली. तिकडे रंगुबाई तिच्यावर करवादायची, की लेकराला मुद्दाम रडवाया येतीस का. इकडे माझी झोप उडाली होती. पुस्तकातलं सांगून मी हिचं वाटोळं तर करत नाही ना, असं वाटायला लागलं.

एका रविवारी माझं राहुरीला बहिणीकडे जाणं होतं. परतताना मी रोहिणीच्या टोळीवर उतरले. रस्त्याला लागूनच कोप्या होत्या. बैल दावणीला उसाचे हिरवे वाढे खात उभे होते. रंगुबाईनं माझ्यासाठी चहा टाकला, पण खाली बसताना कण्हली. राजी तिच्या पदराला धरून उभी होती. तेल लावून चापून बसवलेले केस, रोहिणीसारखंच स्थिर तोंड. मी इतकी मुलं हाताळली, पण त्या पोरीच्या नजरेला नजर देणं मला जड गेलं.

निघायची वेळ झाली. रोहिणी राजीसमोर उकिडवी बसली.

“राजे, म्या जाते आता. रयवारी येते.”

पोरगी बघत राहिली. काही नाही. रोहिणी उठली. रंगुबाईला ते बघवेना. तिनं सवयीनं राजीला उचललं आणि म्हणाली, “चल गं माझे बाय, आपुन बैल बघू.”

राजी किंचाळली.

आजीच्या कडेवरून ती अशी पुढे झेपावली की रंगुबाईचा तोल गेला. तिनं रोहिणीचा पदर दोन्ही मुठींत धरला. “बैल नको! बैल नको!” एवढंच ओरडत होती. मग सगळं अंग घुसळून रडायला लागली. आजूबाजूच्या कोप्यांतल्या बाया धावत आल्या.

“बघा, मास्तरीणबाई! रडीवलं का न्हाई?” रंगुबाई मला म्हणाली, आणि मग सुनेच्या तोंडाकडे बघून मागे सरली.

रोहिणीनं पोरीला छातीशी घेतलं. बराच वेळ घेऊन उभी राहिली. मग तिच्या मुठी सोडवल्या आणि तिच्या डोळ्यांत बघून पुन्हा सांगितलं, “म्या जाते. रयवारी येते. येते का न्हाई दर रयवारी?” राजीनं रडता रडता मान डोलावली, आणि आणखी मोठ्यानं रडली. रोहिणीनं तिला आजीकडे दिलं आणि ती चालायला लागली. पोरीला दिसेल अशी, मधल्या वाटेनं, उसाच्या आडून नाही.

आम्ही रस्त्यावर येऊन थांबलो. रडणं तिथवर ऐकू येत होतं. नगरची एसटी आली. मी हात केला, पण रोहिणीनं माझा हात खाली ओढला. तिचं तोंड ओलं झालं होतं आणि तिनं ते पुसलंही नव्हतं.

“ही जाऊ द्या, बाई,” ती म्हणाली. “अजून रडतीय.”

एसटी निघून गेली. रडणं थांबेपर्यंत आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो.