हरणासमोरची भाकरी
शुक्रवार पेठेतून आणलेल्या कडक भाकरीचा डबा उघडला, तिळाचा खरपूस वास आला आणि मला अंदमानातलं ते खडकाळ बेट आठवलं. सासरे गेल्यापासून सासूबाईंची अन्नावरची वासनाच उडाली होती. चतकोर भाकरी खाऊन त्या ताट सरकवायच्या. हवापालट म्हणून मी त्यांना तिकडे नेलं, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. बेटावरचा चढ उभा होता, खाली काळ्या खडकांवर लाटा आपटत होत्या, झाडीत मोर ओरडत होते. अर्ध्या वाटेवर त्या दगडावर टेकल्या. मी बळेच त्यांच्या हातात भाकरी दिली, तेवढ्यात एक ठिपक्यांचं हरीण येऊन पुढ्यातच उभं राहिलं. त्यांनी लगेच तुकडा मोडला, तसा रखवालदार ओरडला, प्राण्यांना खायला घालायचं नाही. "दारी आलेल्याला न्हाई कसं म्हणू गं?" त्या माझ्यावरच चिडल्या. "मग पिशवीत ठेवा, आई." "वासानं हितंच उभं ऱ्हाईल की ते. दाखवून ठिवणं लई पाप! संपली की जाईल त्ये." असं म्हणून त्या भराभर खाऊ लागल्या, मधेच हरणाला माहेरच्या कानडीत "होग मगा, होग", जा लेकरा जा, म्हणत, आणि बघता बघता अख्खी भाकरी संपली. हरीण निघून गेलं. "चटणी न्हाई आणली व्हय?" त्यांनी विचारलं. मी पिशवीत डोकं घालून बराच वेळ चटणी शोधत राहिले; ती वरच होती. आत्ता त्या ताटावर बसून हाक मारतायत, "भाकरी आणतीस का जोंधळा पेराया गेलीस?"