भाऊजी रागानं गेले नाहीत

गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. परभणी जिल्ह्यातलंच आहे, वालूरचा बाजार आम्हाला जवळ पडतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी चारठाण्याहून लग्न होऊन आले तेव्हा चड्डीत हिंडायचे, आता पन्नाशी उलटली त्यांची. स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान, आणि परभणीच्या एका साप्ताहिकाला बातम्या द्यायचे. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. भाऊजींच्या रद्दीतल्या पेपरवर बोट ठेवून ठेवून वाचायला शिकले. त्यांची बातमी छापून आली की पहिली वाचणार मीच. मी कुठलं काही सांगायला लागले की हसायचे, "वैनी, तुमची बातमी म्हंजे आधी शेपूट, मंग तोंड."

त्या वर्षी नदीतली वाळू कोण उपसायलंय, ते त्यांनी तीनदा लिहिलं. फोन यायला लागले. ते नुसतं "बरं, बरं" म्हणून ठेवून द्यायचे. घरात त्यांच्या लेकीच्या सोयरिकीचं चाललं होतं. एका सकाळी मीच म्हटलं, "पुरे करा आता ते वाळूचं."

"मंग कोन लिहिल? तुमी?"

"लिहीन की. तुमच्यापेक्षा अक्षर बरं हाय माझं."

आवाज चढले थोडे. ते अंघोळीला गेले, मी भाकरीला बसले. झालं, एवढंच भांडण.

आमचं घर शिवाचं, लिंगायत. ज्याचं त्याचं लिंग लहानपणापासून ज्याच्या त्याच्या गळ्यात, चांदीच्या डबीत. अंघोळ झाली की डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, विभूती, बेल वाहायचा, परत गळ्यात घालायचं, मग पहिला घास. बाकी काही विसरेल माणूस, हे नाही.

भाऊजी पूजेला बसले होते तेव्हा दारात पांढरी गाडी थांबली. दोघं उतरले, कोण कुठले कधी पाहिलेले नाहीत. "साहेबांनी बोलावलंय, दोन मिन्टं." कोणत्या साहेबांनी, ते बोलले नाहीत. भाऊजींनी लिंग तसंच पाटावरच्या कापडावर ठेवलं, सदरा अडकवला आणि माझ्या जावेला म्हणाले, "झाकून ठेव, आलोच." गाडी गेली. दुपारी फोन बंद लागला.

ठाण्यात माझी जाऊ नुसती रडायलेली, म्हणून बोलले मी. जमादार भला दिसला. खुर्ची दिली, पाणी दिलं. "घरात काही कुरबूर, मावशी?" कोणी ऐकून घेतलं की माझं तोंड सुटतं. सोयरीक सांगितली, वाळू सांगितली, चढलेले आवाज सांगितले, ते चहासुद्धा न घेता गेले हेही सांगितलं. सांगता सांगता मी गाडीपाशी येईस्तोवर त्यानं पेन खाली ठेवलेलं होतं. शाईचा डबा पुढं सरकवला. "अंगठा?"

"सही करते," मी म्हटलं. चष्मा घरी राहिला होता, पण ते कसं सांगावं? मोठ्या ऐटीत सही ठोकली.

नंतर पेपरवाले जमले, मोर्चा नेला. आमच्या माणसाला कोणी नेलं, जाब द्या, म्हणाले. उत्तर एकच आलं. नोंद बघा, घरगुती वादातून रागानं निघून गेले, घरच्यांचीच सही आहे. घरच्यांची म्हणजे माझी. बोट ठेवून वाचलं मी ते. त्या दिवसापासून जावेनं माझ्या हातचा चहा सोडला.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. तवा चुलीवर टाकून दारात जाते, भाकर करपल्याचा वास आला की परत येते. गाडी थांबल्यासारखी वाटली की हातातलं टाकून उभी राहते. सोमवारी उपास असतो, त्या दिवशी ठाण्यात जायचं हे ठरूनच गेलं. जमादार मला पाहून फायलीत तोंड घालायचा.

आमच्या गल्लीत पेन्शनीतले मास्तर आहेत, बौद्ध, शिस्तीचे. त्यांनी सांगितलं, पुरवणी जबाब देता येतो. "पण मावशी, गाडीपासून सुरू करा. सोयरीक सांगायची न्हाई." ओट्यावर बसवून माझ्याकडून दहादा घोकून घेतलं.

मग एका सोमवारी मी जमादाराला सांगितलं, "दोन मानसं गाडीतून घेऊन गेले. रागानं जानारा आपलं लिंग पाटावर सोडून जात न्हाई. आमच्या कोनाच्याबी घरी विचारा."

तो म्हणाला, "आणा मग ते इथं. पुरावा म्हणून जमा करू."

"ते त्यांच्या गळ्यातलं हाय. तुमच्या कपाटात ठेवायचं न्हाई. पंचनामा करायला तुमी या."

दोन सोमवार गेले, त्यानंतर तिसऱ्या दिवशी जमादार घरी आला. दाराशी बूट काढले. पाट जिथल्या तिथं होता, वर पितळी वाटी पालथी. देवघरात उचलून ठेवा म्हणून किती जण सांगून गेले, जाऊ हलवू देत नाही. "झाकून ठेव म्हनले, ठेवलंय," म्हणते. तिनं वाटी उचलून दाखवली आणि लगेच परत ठेवली.

त्यानं लिहून माझ्यापुढं धरलं. मी चष्मा लावला. पाट होता, वाटी होती, लिंग होतं. गाडी नव्हती.

"न्हाई करत सही."

"मावशी, दुसरं काम हाय मला."

"मला न्हाई. बसा."

चहा झाला. जावेनं माझ्या हातचा घेतला, मी पाहिलं. जमादारानं घाम पुसला, ओळ लिहिली. दोन अनोळखी इसम पांढऱ्या गाडीतून घेऊन गेले. मी बोट ठेवून दोनदा वाचली, मग सही केली.

तो कागद घडी करता करता म्हणाला, "आता कोन घेऊन गेलं, ते सांगा."

"ते तुमी सांगायचं," मी म्हटलं. "मी सोमवारी येते."