अधिक महिन्यातली ट्रॉली

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार माझ्या मामांचे आहेत. वडील गेल्यावर आई मला घेऊन खडवलीजवळच्या तिच्या माहेरी आली, तेव्हापासून मामांनीच मला त्यांच्या मुलीच्या, ताईच्या, बरोबरीने वाढवलं. भात झोडून झालं की ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेंढा रचायचे आणि कल्याणच्या तबेल्यांवर पोचवायचे. माझी कॉलेजची फी, पुस्तकं, चष्मासुद्धा त्या पेंढ्यातून आला. आमच्या घरात पहिला बी.एस्सी. मी झालो.

पुढे मी विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाजूला एका गल्लीत गाळा भाड्याने घेतला आणि गणिताचा क्लास सुरू केला. मामा बघायला आले. गल्लीच्या तोंडापासून आत येईपर्यंत त्यांनी दोघांना पत्ता विचारला होता.

"अरे, एवढ्या आत? इथं चोरसुद्धा येणार नाही, मुलं कुठून येतील?"

"बॅनरला परवानगी लागते, मामा. खर्च असतो."

मामा जाताना रस्त्याकडे बघत राहिले.

आमच्याकडे अधिक महिन्यात मामाने भाच्याला दान द्यायची रीत आहे. बाकीचे मामा अनारसे आणि कपडे देतात. माझे मामा ट्रॉली ओढत घेऊन आले. तबेले हळूहळू बंद पडले होते, पेंढ्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं आणि ट्रॉली अंगणात नुसती उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना त्यांनी पेंटरकडून पिवळ्या रंगात क्लासची जाहिरात लिहून घेतली होती. क्लासच्या नावापेक्षा 'बी.एस्सी.' ही अक्षरं मोठी होती. गल्लीच्या तोंडाशी मुख्य रस्त्याला त्यांनी ट्रॉली लावली, पुढचा दांडा विटांवर टेकवला आणि रस्त्यातच माझ्या तळहातावर पाणी सोडलं.

"हिने तुला शिकवलं. आता हीच तुला मुलं आणून देईल."

तेवढं करून ते ट्रॅक्टर घेऊन परत गेले.

मुलं खरंच आली. मला 'ट्रॉलीवाले सर' म्हणायला लागली. त्यानंतर महापालिकेची नोटीस आली.

प्रभाग कार्यालयात जाहिरातींचं काम बघणाऱ्या बाई डबा खात होत्या. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, म्हणून मला वाटलं काम होईल.

"सर, गाडी एका जागी उभी आणि तिच्यावर जाहिरात, म्हणजे आमच्या हिशेबी ते होर्डिंगच. परवानगी नसली की आम्ही उचलणार."

"जाहिरात पुसून टाकली तर?"

"मग ते बेवारस वाहन. तेही उचलणार." त्या हसल्या. "लोणचं घ्या."

"बाजूच्या सोसायटीच्या आवारात लावली तर?"

"रस्त्यावरून दिसते का? दिसत असेल तर परवानगी लागणार. दिसत नसेल तर जाहिरात कशाला केली?"

परवानगीच्या अर्जाला मालकाचं संमतीपत्र लागत होतं. कागदोपत्री मालक मामाच. मी फोन केला.

"मी कसा मालक? पाणी सोडलंय मी," मामा म्हणाले. "आता मालक म्हणून सही केली, तर दिलेलं परत घेतल्यासारखं होईल. ते मी करणार नाही, रे."

ट्रॉली माझ्या नावावर करावी म्हणून आरटीओच्या एका एजंटला गाठलं. "ही शेतीची नोंद आहे, साहेब. सातबारा आणा," तो म्हणाला. सातबाऱ्यावर माझं नाव कुठेच नाही. शिवाय शेतीच्या ट्रॉलीवर धंद्याची जाहिरात चालत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

म्हणजे ठेवता येत नव्हती, हलवता येत नव्हती, आणि परत पाठवायचं तर मामा तिला उंबऱ्याच्या आत घेणार नव्हते. मी अक्षरांवर ताडपत्री बांधली. वाऱ्याने एक टोक सुटायचं आणि 'बी.एस्सी.' तेवढं बाहेर दिसायचं. लोक हौद्यात कचरा टाकायला लागले. रोज सकाळी क्लास उघडण्याआधी मी तो बाहेर काढायचो. पानवाला रोज म्हणायचा, "सर, डिग्री कामाला आली!" शेवटी मी स्टेशनवरून मागच्या बाजूने यायला लागलो. गल्लीच्या मागच्या टोकाला असलेल्या आडव्या भिंतीवरून उडी मारून स्वतःच्याच क्लासमध्ये शिरायचो.

त्या बाईंनी पुन्हा बोलावलं. "दिवाळी होऊ दे तुमची. नंतर उचलायला आमची गाडी येईल. उचललेल्या वाहनांचं पुढे भंगार होतं, आधीच सांगते."

त्या संध्याकाळी फळ्यावर उदाहरण सोडवताना मधेच थांबलो. मुलांना वाटलं, मी पायरी विसरलो. मला ट्रॉलीच्या पाठीमागच्या फळीवरची खाच दिसत होती. दहावीत असताना पेंढ्यावर बसून वाचत जायचो, तेव्हा त्या खाचेत कंदिलासारखी बॅटरी अडकवायचो.

फोन करावा, तर मामा आधी "जेवलास का?" विचारतात. त्यापुढे माझ्याने बोलवत नाही. म्हणून पत्र लिहिलं. ते असं:

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

ट्रॉली मला ठेवता येत नाही. दिवाळी झाली की महापालिका ती नेणार आणि मोडणार. मी सगळीकडे विचारून आलो, वाट निघाली नाही. तुम्ही दिलेलं तुम्ही परत घेणार नाही, हे मला मान्य आहे. मी ते मागतही नाही.

पण दान माझं झालं असेल, तर ते पुढे देण्याचा हक्कही माझा आहे, असं मला वाटतं. भाऊबीज तोंडावर आली आहे. ताईकडे भेंडीची तोडणी सुरू झाली की दाजी दुसऱ्याची ट्रॉली मागत फिरतात. ट्रॉली मी ताईच्या ओवाळणीत घालतो. दाजींच्या नावावर सातबारा आहे. कागदावर तुमची एक सही लागेल. ती मालक म्हणून नको, ताईचे वडील म्हणून करा.

यात तुमच्या शब्दाला धक्का लागत असेल तर स्पष्ट सांगा. मग ती इथेच राहील आणि जे होईल ते मी डोळ्यांनी बघेन.

पिवळी अक्षरं मी स्वतः घासून काढीन. मुलं आता माझ्याकडे वाट न विचारता येतात.

चालणार असेल तर ट्रॅक्टर घेऊन तुम्हीच या. विटांवरून दांडा उचलून जोडायला मला अजून जमत नाही.

तुमचा भाचा