सुभेदारकाकांची वाटणी

सुभेदारकाकांना एकावरच ओझं पडलेलं बघवत नसे. ऑफिसात चहाचा ट्रे कुणी एकट्याने आणला, तरी हे उठून निम्मे कप हातात घ्यायचे. फौजेच्या सिग्नल्स म्हणजे संदेशवहन विभागातून निवृत्त झालेला हा साताऱ्याकडचा माणूस गुडगावात आमचा सर्व्हर सांभाळायचा. अख्ख्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, म्हणून माझ्यावर जरा जास्त माया.

गुडगावात तेव्हा शेतांतून टॉवर उठत होते, आणि आम्ही त्यांचे नकाशे काढायचो. सगळे नकाशे एका स्टोरेजच्या पेटीत, तिला नेटवर्कचे चार पोर्ट, म्हणजे फाइली जायच्या-यायच्या चार वाटा. पण कुणीतरी पहिल्या पोर्टचा पत्ता आपल्या मशीनवर घातला आणि बाकीच्यांनी शेजाऱ्याचा बघून तोच टाकला. झालं! एक पोर्ट गुदमरतोय, तीन निवांत, आणि फाइल उघडेपर्यंत आमचा चहा गार. काकांनी टेबलांच्या रांगा वाटल्या, प्रत्येक रांगेला वेगळा पोर्ट. मला म्हणाले, "पोरी, बोलत नाही म्हणून त्याला मरेस्तोवर राबवायचं का?"

घरी मात्र वेगळाच कारभार. मी दिल्लीत पालमला त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा कळलं, काकू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. भरवणं, पुसून घेणं, कूस बदलणं, सगळं काकाच उरकत आणि मग बस पकडत. दिवसा शेजारची पंजाबी आंटी डोकावून जायची, तेवढंच. दोन मुलगे, एक पुण्यात, एक बंगलोरला. फोनवर त्यांना "बिल्कुल ठीक आहे" याच्यापुढे काही नाही. बाई ठेवा म्हटलं, तर नको.

मी चिडलेच. म्हटलं, "काका, इथे सगळं तुम्ही एकट्यानेच का? मुलांना सांगा ना."

काकूंच्या केसांतून फणी फिरवत म्हणाले, "त्यांचं आत्ता कुठे बस्तान बसतंय. मला होतंय तोवर होऊ दे."

होत नव्हतं हो! जिना चढताना मधेच थांबायचे, छातीवर हात ठेवायचे, आणि कुणी पाहिलं की शर्टाचं बटण लावल्यासारखं करायचे. थंडीतल्या एका सकाळी बसस्टॉपवरच गेले.

मुलगे आले. रडून झाल्यावर आईपाशी बसले, तर तिची कूस कशी बदलायची हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. शेवटी तिघांनी मिळून हात घातले. काकू अगदी हलक्या लागल्या. थोरला म्हणाला, "एवढंच होतं? मग बाबा बोलले का नाहीत?"

मला काकांचा इतका राग आला, की मी बाहेर जिन्यात जाऊन ओक्साबोक्शी रडले.