पुढे केलेला हात

परवा हिंगोलीतल्या हॉटेलात बिलासोबत बडीशेपेची वाटी आली. मी वेटरसाठी वीस रुपये ठेवले, तर जपानहून आलेला पुतण्या हसला. "काका, तिकडं असे पैसे ठेवले तर माणूस मागं पळत येऊन परत देतो. त्यांना तो अपमान वाटतो."

बडीशेप माझ्या तोंडातच राहिली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी दुसऱ्याची जीप चालवायचो. बायको बाळंतपणात अडली होती, रक्ताची बाटली आणायची होती आणि खिसा रिकामा. त्यातच एका जपानी प्रवाशाला औंढ्याला नेऊन आणायचं भाडं आलं. परदेशी माणूस बक्षीस भरपूर देतो, असं सगळे ड्रायव्हर म्हणायचे. त्या आशेवर मी निघालो. त्याची बॅग उचलली, देवळाबाहेर त्याचे बूट सांभाळत बसलो.

परत स्टेशनवर त्यानं ठरलेलं भाडं दिलं. ते मालकाचं होतं. मी लाज सोडून हात पुढे केला.

"साहेब, बायकोला लई तकलीफ हाय."

त्याला शब्द कळले नाहीत. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि आत गेला.

मग मी मालकाचे पाय धरले. "आधीच काहून न्हाई बोललास रे?" म्हणत त्यानं लगेच पैसे काढून दिले.

बायको वाचली. लेकरू न्हाई.

इतकी वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. मालकाकडे मागायला लाज वाटली म्हणून ती दुपार मीच घालवली, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.