अक्काच्या डोळ्यातली चिप

माझी थोरली बहीण मूर्ख नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला तसं वाटेल आणि मग मला राग येईल.

तिला आम्ही अक्का म्हणतो. ती असोद्याला असते, मी धुळ्याला. भाऊजी गेल्यापासून ती एकटीच आहे. मुलगा पुण्याला, वावर निमबटाईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, दिलेलं. भरताचं वांगं नुसतं हातात तोलून आत बिया किती असतील ते ती सांगते. केळी मोजायला आलेला व्यापाऱ्याचा माणूस बोलता बोलता काट्याला गुडघा लावतो, हे गावात पहिल्यांदा तिने पकडलं. अशी बाई. आणि या बाईने एक दिवस मला सांगितलं, की मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात जे भिंग बसवतात, त्यात चिप असते.

मी धुळ्याच्या मुलींच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. मानवी डोळ्याची आकृती फळ्यावर मी झोपेतही काढेन. मला आधी हसूच आलं.

"कोणाची चिप?"

"वरच्या लोकाहिची."

"आणि तुझ्या डोळ्यातून त्यांना काय दिसणार? असोद्याच्या केळी?"

"मंग? तेच तं पाह्यचं त्याहिले. कोनाच्या वावरात काय पिकतं. मोबाईलवर पिकाचा फोटो मांगतात का नही? कायले मांगतात, सांग बरं."

पिकाच्या नोंदीसाठी फोटो मागतात, हे तर खरंच होतं. बाईने प्रश्न विचारावा आणि उत्तर येत असूनही वर्गात उठता येऊ नये, तसं झालं.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र हे नव्हतं. जळगावच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकलेत, उजवा जास्त. आणखी थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल आणि मग गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशनने परत येणार नाही. अक्काने सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांना नमस्कार केला आणि घरी येऊन म्हणाली, "पाहू."

हे खूळ शिरलं ते फोनमधून. फोन मुलाने दिलेला. पूर्वी अक्का वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून निविदांच्या जाहिरातीपर्यंत वाचायची. डोळे अधू झाले आणि ते सुटलं. मग शेजारणीने तिला एका ग्रुपवर घातलं. नावात 'परिवार' होतं. तिथे सगळं बोलून येई, वाचायचं काम नाही. एक माणूस रोज सकाळी रेकॉर्डिंग टाकायचा. त्याला सगळे नुसतं भाऊ म्हणत. तो कुठला, काय करतो, कोणालाच ठाऊक नव्हतं. आवाज मात्र असा, की आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलतोय. रेशनच्या तांदळात प्लास्टिक आहे, आकाशात विमानं पांढऱ्या रेघा ओढतात ते औषध आहे, आणि डोळ्यातल्या भिंगात चिप आहे. शेवटी म्हणायचा, "मायबहिणींनो, तुम्ही जाग्या आहात म्हणून हे तुम्हाला सांगतोय."

दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. अक्का तर सगळ्यांचंच ताक फुंकत आली. मग याच माणसाचं न फुंकता कसं प्यायली, हे मला आजही धड उमगलेलं नाही.

एकदा मी रागाने तसं विचारलंच. तिने शांतपणे बियाण्याची गोष्ट काढली. काही वर्षांपूर्वी कपाशीचं बियाणं आणलं होतं. अक्काने पाकीट हातात घेतलं आणि म्हणाली, याचं तोंड पुन्हा चिकटवलंय. दुकानदार हसला. तालुक्याचा साहेब हसला. भाऊजी हसले. मी सुट्टीत आले होते, मीही म्हणाले की अक्का, कंपनीचं पाकीट आहे, काहीतरीच काय. ते बोगस निघालं. झाडं माणसाएवढी वाढली आणि बोंडं धरली नाहीत.

"तव्हा बी तुमी सारे शिकलेलेच व्हते," अक्का म्हणाली.

ते खरं होतं आणि हे खोटं आहे, एवढंच मला माहीत होतं. पण तिच्या बाजूने बघितलं तर दोन्ही वेळा चित्र तेच होतं. एका बाजूला ती एकटी, दुसऱ्या बाजूला पाकीट हातात घेऊन हसणारे आम्ही. बियाण्याच्या वेळी तिच्या हाताने खरं ओळखलं आणि आता तिचा कान फसतोय, हे तिला कसं दाखवायचं? मुलींना भिंगाचं सूत्र शिकवलं. हे कुठल्या पाठात असतं?

मी डॉक्टरांकडून नमुन्याचं भिंग मागून आणलं. नखाएवढं, पारदर्शक. अक्काच्या तळहातावर ठेवलं. म्हटलं, पाहा, यात कुठे आहे चिप?

तिने ते डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. "मले तुझं नाक धड दिसत नही," ती म्हणाली, "याच्यातली चिप कशी दिसीन वं माय?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी ते भिंग डबीत घातलं आणि धुळ्याची एसटी पकडली. पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात भांडत होते, आणि गंमत म्हणजे मनातल्या भांडणातसुद्धा तीच जिंकत होती.

मग मी ठरवलं, आत शिरून बघायचं. अक्काला म्हटलं, मलाही घे ग्रुपवर. ती इतकी खूश झाली की मला लाज वाटली. मी तर भाऊचे दात त्याच्याच घशात घालायला निघाले होते. पहिल्याच दिवशी मी विमानामागच्या रेघांवर बोलले. गरम वाफ, वरची थंड हवा, बर्फाचे कण, सगळं मुद्देसूद. बोलता बोलता सहज म्हटलं, की गच्चीवर चढून आकाश बघणं आता गुडघ्यांमुळे होत नाही.

वाफेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. गुडघ्यांवर मात्र सगळे तुटून पडले. पिंपळनेरच्या एका आजीने तेल सांगितलं. शिंदखेड्याच्या एका बाईने अहिराणीत विचारलं, "ताई, घरमा कोण शे तुमनं? जिना चढाना ऊतरानाले?" मी एकटी असते हे ऐकून ती म्हणाली, "मी बी एकलीच शे." दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला, "ताई, गुडघा कसा शे आज?"

माझ्या सख्ख्या भाच्याने हे कधी विचारलं नव्हतं. माझ्या शाळेच्या माजी शिक्षकांच्या ग्रुपवर तर फुलांची चित्रं आणि वाढदिवस याशिवाय काही येत नाही.

पुढचे काही आठवडे माझे विचित्र गेले. भाऊचं रेकॉर्डिंग मी ऐकायची नाही, पुढे सरकवायची. पण त्याच्यामागून येणारे आवाज ऐकल्याशिवाय चहा घशाखाली उतरेना. शिंदखेड्याची बाई आज काय रांधलं ते सांगायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, खायला मात्र कोणी नाही. मीही माझं सांगायला लागले. एकदा तांदूळ धुताना एक दाणा वर तरंगला. पोकळ दाणा तरंगतो, पोषक दाणे मिसळलेले असले तर तेही तरंगतात, हे मला पाठ आहे. तरी मी तो दाणा बोटाने उचलला, दाताखाली धरला आणि ओट्याशी उभी राहिले. कोणी बघत नाही ना, तेही पाहिलं. मला काय होत होतं? विश्वास म्हणावा तर तो नव्हता. विश्वास नाही म्हणावं, तर तो दाणा मी चावला कशाला?

इकडे अक्काची नजर जातच होती. मी असोद्याला गेले तेव्हा तिने मला चपलेच्या आवाजावरून ओळखलं. मनगटावर मोठा फोड होता. तवा कुठे संपतो ते कळलं नाही म्हणाली, आणि वर हसली. ते हसणं बघून माझा तोल गेला. आंधळी होऊन बसायचं आहे का तुला, तो भाऊ येणार आहे का तुझा हात धरायला, मी बरंच काही ओरडले. शेवटी म्हटलं, "चिपच टाकतात ना? मग मी बसते तुझ्या उशाशी, ऑपरेशनच्या खोलीत! बघते कोण काय टाकतं ते!"

मी हे चिडून, टोमणा म्हणून बोलले होते. अक्का फोडावरून फुंकर घालत राहिली.

"आत बसू देतीन तुले?" तिने विचारलं.

मला क्षणभर कळेचना ती काय म्हणतेय. मग कळलं. इतके दिवस मी तिला आकृत्या दाखवत होते आणि तिला फक्त आपलं एक माणूस आत हवं होतं.

डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग माझ्याकडे बघून हसले, मग बहुधा माझी दया येऊन हो म्हणाले. हिरवा झगा, टोपी, तोंडाला पट्टी बांधून मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. अक्काचा चेहरा कापडाखाली, फक्त उजवा डोळा उघडा. तिने विचारलं, "हाय का वं?" मी म्हटलं, "आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "हाय का?" "आहे ना, अक्का." डॉक्टर म्हणाले, पेशंटला बोलू देऊ नका. मग मी नुसती खाकरत राहिले, तिला कळावं म्हणून.

समोरच्या पडद्यावर तो डोळा ताटाएवढा दिसत होता. गढुळलेलं भिंग निघालं. नवं भिंग गुंडाळी करून आत गेलं आणि हळूच उलगडलं. आणि मी काय करत होते सांगू? मी बघत होते. अक्कासाठी बसलेय म्हणून नाही, खरोखर. पुढे वाकून, डोळे ताणून, त्या पारदर्शक चकतीत काही आहे का, ते शोधत होते. काही नव्हतं. मला हायसं वाटलं. आणि मग प्रश्न पडला, हायसं का वाटलं?

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. अक्काने भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचली, खालचे बारीक सण वाचले, मग माझ्याकडे वळली. "किती म्हातारी झाली वं तू," म्हणाली, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मी रडले. आनंदानेच रडले.

तो आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी तिने माझ्यादेखतच ग्रुपवर बोलून टाकलं, "ऑपरेशन झालं. चिप टाकली नही. माही बहीण मास्तरीण हाय, ती आत बसली व्हती, मंग कोनाची हिंमत व्हते?"

मी म्हटलं, "अक्का, चिप नव्हतीच! कधीच नसते!"

"नव्हतीच ना? मी बी तेच सांगतलं."

"मी बसले म्हणून नव्हती असं सांगितलंस तू!"

"मंग तू बसली नव्हती का?"

यावर हसावं की डोकं आपटून घ्यावं? एक डोळा वाचला होता. पण मी त्या चिपेची पहारेकरीण होऊन बसले होते. मी आत बसल्याने अक्का बरी झाली आणि मी आत बसल्यानेच भाऊ खरा ठरला. दोन्ही एकदम कसं होऊ शकतं? पण झालं होतं. डाव्या डोळ्याचं विचारलं तर म्हणाली, "तू येशीन तव्हा."

मी धुळ्याला परतले. ग्रुप सोडून द्यायचा ठरवला, रोज ठरवला. मग एका सकाळी शिंदखेड्याच्या बाईचा आवाज आला. या वेळी ग्रुपवर नाही, मला एकटीला. तिने अक्काचं बोलणं ऐकलं होतं.

"ताई, माले बी डॉक्टरनी मोतीबिंदूनं ऑपरेशन सांगेल शे. मी कोणले सांगं नही. माले भ्याव वाटस. तुम्ही मनासंगे आत बसश्यात का?"

मी बटण दाबून बोलायला सुरुवात केली. बाई, भिंगात काही नसतं, ते साध्या पदार्थाचं असतं, सगळं पहिल्यापासून, मुलींना सांगायची तसं. अर्ध्यावर थांबले आणि ते पुसून टाकलं. पुन्हा एकदा सुरू केलं, पुन्हा पुसलं. गेले तर माझ्या जाण्याने ती भीती खरी होणार होती. नाही गेले तर तिचा डोळा जाणार होता. विज्ञान कुठल्या बाजूला आहे तेच मला कळेना.

तिसऱ्यांदा बटण दाबलं. म्हटलं, तारीख सांगा, मी येते. आणि मग, तिने विचारलं नव्हतं तरी, माझ्याच तोंडून निघालं, "काळजी करू नका. मी नीट बघेन."