मावशीने बुजवलेल्या ओळी

"मावशी गेली," एवढंच मावसभाऊ फोनवर म्हणाला. मी रोह्यात कंपनीच्या गेटवर सकाळच्या शिफ्टसाठी पोहोचले होते. त्याला आता महिना झाला. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखण्यात जिचा जन्म गेला, ती पेणची जनामावशी माझ्या पहिल्या कवितासंग्रहाची खरी वाचक होती. एकमेव म्हटलं तरी चालेल, कारण बाकीच्यांनी पुस्तक घेतलं, "छान आहे" म्हटलं आणि शोकेसमध्ये ठेवलं. वर्षभरात कुणाचं दोन ओळींचं पत्र नाही. पुन्हा कविता लिहायची नाही, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

मावशी सातवी शिकलेली. ती डोळे आखायला बसली की अख्खा कारखाना गप्प बसायचा, आणि एकदा डोळा आखून ती 'बघतंय' म्हणाली की त्याला परत ब्रश लावायचा नाही, हा तिचा कायदा. हंगाम आटोपल्यावर तिने माझं पुस्तक वाचायला घेतलं आणि चार महिन्यांनी मला बोलावून पुढ्यात ठेवलं. उघडून बघते तर काय... जवळजवळ प्रत्येक कवितेची शेवटची ओळ पांढऱ्या रंगाने बुजवलेली. मी भडकलेच.

"मावशी, छापील पुस्तक आहे हे."

"मंग? डोळं आखून झाल्यावर परत ब्रश कशाला लावतेस गो? समद्या कवितांत तेच केलंयस."

मिठागरात राबलेल्या माझ्या आईवरची कविताही तिने सोडली नव्हती. आई म्हणजे तिची थोरली बहीण. 'ही आई नव्हे, ही तर श्रमाची मूर्ती' ही माझी लाडकी ओळ साफ गायब. "मूर्त्या कारखान्यात ढीगभर हायत," मावशी म्हणाली. "तू माज्या बायचं लिव." मी चहासुद्धा न घेता उठले.

पुढच्याच महिन्यात पेणच्या वाचनालयात कवितावाचन होतं. शिफ्ट संपवून धावतपळत पोहोचले, तर पुस्तक घरीच राहिलेलं. पहिल्या रांगेतून मावशीने निमूटपणे आपली प्रत पुढे केली. मी आईची कविता वाचू लागले. मिठाने फुटलेल्या टाचा, दारात बसून हंड्यातल्या पाण्याने पाय धुणारी आई... आणि पुढे पांढरा रंग. ओळ मला पाठ होती. म्हणावी की नाही? मावशी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मी पुस्तक मिटलं. मग मागून एक मिठागरातली बाई उठली.

"परत वाच गो. माज्या आयशीचं पाय हायत ते."

त्या संध्याकाळी ती कविता मी तीनदा वाचली. बायका डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. मी जिंकले होते, आणि मला जिंकवणारी पुढच्या रांगेत भजी खात बसली होती. घरी पोहोचताच मी वही काढली.

दुसरी आवृत्ती त्या ओळींशिवाय निघाली. तोवर मावशीने अंथरूण धरलं होतं. तिने पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन आईची कविता वाचली, पानावरून बोट फिरवलं.

"आता बघतंय," म्हणाली.

यापेक्षा मोठं पारितोषिक मला मिळायचं नाही, आणि नकोही.

तिची रंगवलेली प्रत माझ्या टेबलावर असते. पानं रंगाने चिकटतात, हलकेच सोडवावी लागतात. या लेखासाठी मी एक झकास शेवटचं वाक्य लिहिलं होतं. आज प्रत उघडली, आणि ते खोडून टाकलं.